जुनी हायकोर्ट इमारत, सिव्हिल लाइन्स: आधी काय होतं, नंतर काय झालं आणि आतले बदल ओळखायचे कसे?

सदर_ते_सिताबर्डी

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरातल्या जागतिक वारसा सप्ताहासाठी (१९ ते २५) आर्किटेक्चरच्या मुलांना घेऊन सिव्हिल लाइन्सची पायी फेरी ठरवून राहिलो आहे. मुख्य थांबा जुन्या हायकोर्टाची इमारत. सोबत दोन पानी माहितीपत्रक द्यायचं आहे. त्यासाठी जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

नागपुरात 'हायकोर्ट' म्हटलं की दोन इमारती एकमेकीत मिसळतात. कोणतं कोर्ट कधी कुठे बसत होतं, याचा नीट क्रम हवा. दुसरं म्हणजे अशा सरकारी इमारतीचे जुने नकाशे आणि कागद कोणत्या कचेरीत मागायचे? तिसरं, आतली पार्टिशनं, बुजवलेली दारं, खाली आणलेली छतं यातलं मूळ कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे मुलांना भिंतीसमोर उभं करून कसं दाखवायचं?

आणि एक जोडप्रश्न. याच भागातल्या एका ट्रस्टच्या दगडी इमारतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक पाहायला आलं आहे. वालुकाश्माच्या भिंतीला १:४ सिमेंटचं पॉइंटिंग (दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरणं) धरलं आहे. होऊ द्यावं का?

जुना_मध्यप्रांत

भाऊ, इमारतीपासून सुरुवात करू नका, प्रांतापासून करा. नागपूरच्या सरकारी इमारतींचा वापर बदलला तो बहुतेक वेळा राज्याचा नकाशा बदलला म्हणून. त्या तारखा आधी पक्क्या केल्या की इमारतीचं कोडं निम्मं सुटतं.

२ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर राजधानी झालं. न्यायव्यवस्थेच्या टोकाला तेव्हा हायकोर्ट नव्हतं, ज्युडिशिअल कमिशनर होते. १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताला जोडला गेला आणि नागपूरच्या कचेऱ्यांवरचा भार वाढला. पूर्ण दर्जाचं हायकोर्ट मिळायला १९३६ उजाडावं लागलं. लेटर्स पेटंट, म्हणजे स्थापनेची शाही सनद, २ जानेवारी १९३६ ची, काम सुरू झालं ९ जानेवारीला, पहिले मुख्य न्यायमूर्ती सर गिल्बर्ट स्टोन.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. हायकोर्ट १९३६ मध्ये सुरू झालं, पण आज आपण ज्या घुमटाच्या इमारतीला हायकोर्ट म्हणतो तिची पायाभरणीच प्रांताचे गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हस्ते ९ जानेवारी १९३७ ला झाली. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ती ६ जानेवारी १९४० रोजी खुली केली आणि तिला 'दगडातली कविता' म्हटलं. म्हणजे नव्या हायकोर्टाची पहिली चार वर्षं जुन्या वास्तूत गेली. 'जुनं हायकोर्ट' हे नाव त्या वास्तूला चिकटलं ते १९४० नंतर. त्याआधीच्या कागदांत हे नाव शोधत बसाल तर काही मिळणार नाही. १९३६ ते ४० साठी 'हायकोर्ट' आणि त्यामागच्या काळासाठी 'ज्युडिशिअल कमिशनरचं कोर्ट' असं शोधा.

पत्रकात नव्या इमारतीचे आकडे जरूर द्या, कारण ते पक्के आहेत आणि मुलांना तिथे उभं राहून ताडता येतात. वास्तुकार हेन्री मेड, नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेले. आराखडा ४०० फूट बाय २३० फूट, मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट, बाकी इमारत मुख्यतः दुमजली. आत वीटकाम, बाहेरून घडीव वालुकाश्म. व्हरांडे आणि कचेऱ्यांत शहाबादी आणि संगमरवरी फरशा. खर्च ७,३७,७४६ रुपये. बाहेरून अखंड दगडाची दिसणारी ही इमारत पोटातून विटांची आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा. दुरुस्तीचा सगळा विचार त्यावर अवलंबून असतो.

पुढचा सांधा १ नोव्हेंबर १९५६ चा. राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. नागपूरची राजधानी गेली. सचिवालय भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला. नागपूर हायकोर्टाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला जबलपूरला मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले. इथल्या घुमटाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसू लागलं. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने ते कायम झालं. निदान तीन न्यायमूर्तींनी नागपुरात बसायचं आणि बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा आणि राजुरा इथली प्रकरणं चालवायची, असं त्या कलमातच लिहिलं आहे. राजधानी गेल्यावरही ही इमारत कोर्ट म्हणूनच राहिली, ती या कलमामुळे.

सचिवालयाचं तसं झालं नाही. जुन्या सचिवालयात आज विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. विधानभवन प्रांताच्या विधिमंडळाचं होतं, आता नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशनापुरतं गजबजतं. आणि जुन्या हायकोर्टात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कार्यालयं आली. २०१८ मध्ये तीच इमारत राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून घोषित झाली. वारसा जपणारी कचेरी स्वतःच संरक्षित वास्तूत बसते, ही नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

फेरीत एम्प्रेस मिलचाही उल्लेख करा, भले तिथवर चालत जाऊ नका. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल २००२ मध्ये बंद पडली आणि तिथे आता मॉल आणि घरं आहेत. सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्या टिकल्या त्या एका कचेरीनंतर दुसरी कचेरी तिथे येत गेली म्हणून. मिलच्या शेडला दुसरी मिल मिळाली नाही.

नझूल_शीट

कागदांबद्दल. सिव्हिल लाइन्सची बरीच जमीन नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन आहे, म्हणून पहिला कागद आखीव पत्रिका, म्हणजे नगर भूमापनातला त्या प्लॉटचा उतारा. नगर भूमापन कार्यालयात शीट नंबर आणि नगर भूमापन क्रमांक दिला की उतारा मिळतो. क्रमांक माहीत नसेल तर आधी शीटचा नकाशा पाहायला मागा आणि चौक, रस्ता धरून प्लॉट ओळखा. धारक म्हणून 'सरकार' आणि पुढे विभागाचं नाव असतं. फेरफाराच्या रकान्यात विभाग बदलल्याची नोंद असेल तर वापर बदलल्याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. पण लक्षात ठेवा, कचेरी प्रत्यक्ष हलते आधी आणि फेरफार होतो पुष्कळ नंतर. फेरफाराची तारीख ही स्थलांतराची तारीख म्हणून छापू नका.

दुसरा दरवाजा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तिथे 'जुना नकाशा द्या' असं म्हणाल तर हाती काही लागणार नाही. नाव घेऊन मागा: इमारतींची नोंदवही, पूर्णत्वाचा नकाशा, विशेष दुरुस्तीची अंदाजपत्रकं आणि त्यांची मोजमाप पुस्तकं. यातली मोजमाप पुस्तकं लोक सोडून देतात आणि तीच खरी खाण असते. कोणत्या खोलीत किती फूट पार्टिशन उभं केलं, किती दारं काढली, कुठे सिमेंटचा गिलावा केला, हे लांबी-रुंदीसकट तिथे असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस, साध्या पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च. अर्जात 'सर्व कागद' लिहू नका. एक इमारत, एक कालखंड, कागदाचा प्रकार, एवढंच लिहा. आणि आधी 'अभिलेख पाहू द्यावा' अशी मागणी करा, पाहून झाल्यावर हव्या त्याच पानांच्या प्रती घ्या. नाहीतर तीस दिवसांनी भलताच गठ्ठा हाती येतो.

तिसरं ठिकाण पुराभिलेख विभागाचं नागपूर कार्यालय. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातले कागद विभागवार लावलेले असतात, इमारतीच्या नावाने नाही. 'हायकोर्ट इमारत' म्हणून मागण्यापेक्षा बांधकाम खात्याच्या फायली आणि न्याय खात्याच्या फायली अशा दोन्ही सूच्या पाहा. एकच खर्च दोन्हीकडे वेगळ्या शब्दांत सापडतो. १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर संदर्भासाठी जवळ ठेवा, १९६६ चंही ठेवा, आणि दोन्हीतली शहराची वर्णनं शेजारी ठेवून वाचा. मधल्या ५८ वर्षांत कचेऱ्यांची नावं कशी फिरली ते तिथेच दिसतं.

नावांचा गोंधळ संस्थांच्याही बाबतीत होतो. मॉरिस कॉलेज, नागपूर महाविद्यालय आणि वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था ही एकाच संस्थेची नावं. मुलांना प्रत्येक नावापुढे ते कोणत्या काळातल्या कागदात आढळलं हे लिहायला लावा.

चुना_सुरखी

भिंत वाचायची कशी, ते सांगतो. ही तपासणी कोणत्याही जुन्या कचेरीत चालते. हातात टेप, टॉर्च आणि छोटी लाकडी हातोडी, एवढंच हवं.

आधी भिंतीची जाडी मोजा, दाराच्या चौकटीत. मूळ भारवाही भिंत दीड-दोन फूट किंवा जास्त असते. साडेचार किंवा नऊ इंचांची भिंत दिसली तर ती बहुधा नंतरची. मग कोपरा पाहा. मूळ भिंती एकमेकींत दाताने गुंतलेल्या असतात. नंतरची भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकते आणि वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी भेग पडते. मुलं या भेगेला घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की ती दोन वेगळ्या काळांची सीमा आहे. तिसरं, फरशी. भिंतीखालून फरशीची मांडणी तशीच पुढे जात असेल तर भिंत फरशीनंतरची. चौथं, वर पाहा. गलथा किंवा कॉर्निस पार्टिशनने मधोमध कापली असेल तर मूळ खोली एकच होती.

बुजवलेल्या दाराची खूण वर असते, खाली नाही. गिलाव्याखाली कमान असते आणि त्या कमानीच्या रेषेत केसाएवढी भेग उमटते. हातोडीने हलके ठोकलं की आवाज बदलतो. उंच झरोके बंद केलेले असतील तर त्यांची नोंद अवश्य करा. वाऱ्याची वाट बंद झाली की उन्हाळ्यात खोली तापते, मग कूलर येतो, नंतर एसी आणि एसीसाठी फॉल्स सीलिंग. त्याच्या वर छताची गळती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही आणि सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. फॉल्स सीलिंगची एक तरी फळी उघडायची परवानगी मागा. छताच्या मूळ कड्या आणि हाताने ओढायच्या पंख्यांचे हूक असतील तर तिथेच दिसतील.

रंगाचे थर पाहायचे तर दोन बाय दोन सेंटीमीटरचा चौकोन धारदार पात्याने पायरीपायरीने खरवडतात, भिंगाखाली थर मोजतात. संरक्षित इमारतीत मात्र हे लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. ट्रस्टच्या इमारतीत करून दाखवा.

नागपूरची खास खूण म्हणजे कूलर. खिडकीखालच्या दगडावर पांढरे ओघळ दिसले की समजा, तिथे वर्षानुवर्षं कूलर ठिबकला आहे. पाण्यातले क्षार दगडात शिरतात, पृष्ठभागाजवळ सुकून स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ब्रॅकेटचं लोखंड गंजून फुगतं तेव्हा दगडाची कडच फोडतं. दगडाचं वय झालं असं म्हणून लोक सोडून देतात आणि कारण तसंच ठिबकत राहतं.

आता तुमचा जोडप्रश्न. १:४ सिमेंट होऊ देऊ नका. वालुकाश्म सच्छिद्र असतो. भिंतीत पावसाचं आणि जमिनीचं पाणी जाणारच, ते बाहेर पडायची वाट म्हणजे दगडांमधल्या दरजा. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, पाणी आणि क्षार तिच्यातून निघतात, झिजते ती दर्ज आणि ती पुन्हा भरता येते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी दगडाच्या चेहऱ्यातून निघतं. मग दर्ज शाबूत उभी राहते आणि तिच्या भोवतीचा दगड खड्ड्यासारखा झडतो. दगड परत आणता येत नाही.

काम असं. जुनी सैल दर्ज हातछिन्नीने काढा, ग्राइंडर नको, तो दगडाच्या कडा खातो. खोली निदान २५ मिमी, दर्ज रुंद असेल तर रुंदीच्या दुप्पट. धूळ ब्रशने काढून आदल्या दिवशी आणि भरण्याआधी पाणी मारा. दगड ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. कळीचा चुना पाण्यात विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला, चाळलेला घ्या. प्रमाण १ भाग चुना, २.५ भाग वाळू-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी), त्यात वाळू आणि सुरखी निम्मी निम्मी. कन्हानची वाळू धुऊन बारीक चाळणीतून काढा, माती राहिली तर दर्ज भेगाळते. सुरखी विटेचीच हवी, टाइल्सचा चुरा नको. दोन थरांत भरा, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा. दर्ज दगडाच्या पृष्ठापेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर पसरवू नका.

माल किती लागतो? साधारण ३० बाय ६० सेंमीचे घडीव दगड धरले तर चौरस मीटरला सुमारे ५ मीटर दर्ज येते. ८ मिमी रुंद आणि २५ मिमी खोल धरली तर एक लिटर माल. म्हणजे १०० चौरस मीटर भिंतीला वाया जाणारा धरून सुमारे १३० लिटर मसाला, त्यात चुना ५० लिटरच्या आसपास. सगळा खर्च मजुरीत आहे. 'चुना परवडत नाही' हे कारण मालाच्या बाबतीत खरं नाही.

वेळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, चुना घट्ट व्हायच्या आत पाणी उडून जातं आणि दर्ज हाताने पावडर होते. त्याच ऋतूत करायची वेळ आलीच तर ओलं गोणपाट लावून सावली करा आणि दोन आठवडे ओल टिकवा.

तुळई_आणि_भार

वरच्या सगळ्याशी सहमत, एक गोष्ट राहिली. वापर बदलला की भार बदलतो आणि हे डोळ्यांना दिसत नाही. कोर्टाच्या खोलीत माणसं बसतात, कचेरीत फाइली बसतात. मानकांत कचेरीच्या खोलीला २.५ ते ४ आणि फाइलींच्या खोलीला ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार धरतात (१ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो). साधा हिशेब करा: दोन मीटर उंच, ४५ सेंमी खोल रॅक कागदांनी भरला तर धावत्या मीटरला ४५० किलोच्या आसपास जातो, म्हणजे रॅकखालच्या पट्टीवर चौरस मीटरला टनभर. सागवानी तुळयांच्या वरच्या मजल्यावर अशा रांगा लावल्या की तुळई मधोमध झुकते. रॅक तुळयांना आडवे, भारवाही भिंतीला लागून ठेवा. रेकॉर्ड रूम तळमजल्यावर हलवणं सगळ्यात उत्तम, पण तळमजल्यावर ओल आणि वाळवी तपासून, रॅक भिंतीपासून १५ सेंमी आणि जमिनीपासूनही तेवढाच उचलून.

भेगांबद्दल चुना_सुरखी यांच्या मताला एक जोड. शहरात जिथे काळी माती आहे तिथे सरळ उभी भेगसुद्धा निव्वळ जुन्या-नव्याची सीमा समजून सोडू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेग मेमध्ये रुंद, ऑगस्टमध्ये अरुंद होते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि पूर्ण वर्षभर पाहा. ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग आणि एकाच दिशेने वाढत जाणारी भेग यांचे उपाय वेगळे. दुसरी दिसली तर आधी पायाजवळची गळकी पाइपलाइन शोधा.

आणि वीज. जुन्या आवारात नवा वापर आला की मीटर रूम आणि स्विच पॅनेल मिळेल त्या खोलगट जागेत बसवतात. ६ जुलै २०१८ ला, त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात चालू असताना, मुसळधार पावसाचं पाणी विधानभवनाच्या वीज यंत्रणेच्या खोलीत शिरलं, वीज बंद करावी लागली आणि कामकाज थांबलं. पॅनेलची जागा ठरवताना आवाराचे उतार काढा आणि पॅनेलचा तळ पूर्वी पाणी चढलेल्या पातळीच्या वर घ्या. पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या जूनच्या आधी उघडून साफ करा.

सदर_ते_सिताबर्डी

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. ट्रस्टची इमारत जुन्या हायकोर्टापासून अंदाजे दीडशे मीटरवर आहे. तिच्या दुरुस्तीला परवानगी लागेल का? आणि अभियंता म्हणतात की दरसूचीत चुन्याची बाब नाही म्हणून सिमेंट धरलं. त्यांना काय उत्तर द्यावं?

नझूल_शीट

परवानगी लागेल. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, असं प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलं आहे. अंतर इमारतीच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. म्हणून तुमचं 'अंदाजे दीडशे' आधी मोजून घ्या. १०० च्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्ती परवानगीने होते. १०० ते ३०० मध्ये बांधकाम आणि दुरुस्ती दोन्हींना सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं ना-हरकत लागतं. अर्जासोबत मालकीचा कागद, सध्याचे आणि प्रस्तावित नकाशे, चारही बाजूंचे फोटो लावा. शिवाय ट्रस्टची इमारत शहराच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, ते महापालिकेत पाहा. असेल तर हेरिटेज संवर्धन समितीकडेही जावं लागेल. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतून जुळवून घेणारे बदल करू देतात.

चुना_सुरखी

अभियंत्यांना सांगा, दरसूचीत बाब नसेल तर दर विश्लेषण करून स्वतंत्र बाब धरायची पद्धत रूढ आहे. बाबीच्या वर्णनातच लिहा: हातछिन्नीने २५ मिमी खोल दर्ज उकरणे, ग्राइंडर वर्ज्य, तीन आठवडे विरवलेला चुना, वाळू आणि सुरखी यांचा १:२.५ मसाला, सिमेंट अजिबात न मिसळता, दोन थर, चौदा दिवस ओल, आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करून मंजूर करून घेणे. 'सिमेंट न मिसळता' हे शब्द गाळू नका. गवंडी मसाला लवकर बसावा म्हणून घमेल्यात मूठभर सिमेंट टाकतातच आणि बिलावर ते दिसत नाही. नमुन्याची जागा पश्चिमेच्या, पावसाच्या झोडीच्या भिंतीवर निवडा आणि त्याचा रंग ओला असताना नाही, महिनाभराने सुकल्यावर ठरवा.